मुंढ्याला हात लावायचा नाही

९ फेब्रुवारी, दुकानातून

ठकू,

फोन न करता पत्र का, असं विचारशील म्हणून आधीच सांगते. फोनवर तू "हं" म्हणतेस. उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला, पण तुझ्या त्या "हं"चं माप मला काही घेता येत नाही. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं, आणि तुला "आई, मीटिंग आहे" म्हणून मध्येच उठता येत नाही.

तर बातमी. "बेत" चालू आहे. तू गेल्यावर मी तो गुंडाळून कपाटात टाकला असेल असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. जुनाच प्रोग्राम आहे, मी लिहिलेला, जागोजागी ठिगळं लावलेला. मापं घाला, तो कागदावर आकार आखून देतो. कागद कापा, कापडावर ठेवा, बेता, शिवा. पहिल्या दिवशी जे करायचा तेच करतो, फक्त आता अडखळत नाही. तू वाढदिवसाला दिलेला नवा मी वापरत नाही. त्यावर पुन्हा बोलायला नको.

गेल्या आठवड्यात एका सिस्टरचा मेल आला. पाठीच्या कण्याला मार बसलेली माणसं जिथे महिनोन्‌महिने असतात, तसल्या वॉर्डात ती काम करते. तिचं म्हणणं असं की बाजारातला प्रत्येक शर्ट, प्रत्येक कोट उभ्या माणसासाठी कापलेला असतो. व्हीलचेअरवर बसलं की पाठ वर चढते, पोटावर कापड गोळा होतं आणि माणूस दिवसभर स्वतःचे कपडे खाली ओढत राहतो. तू "बेत" इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होतास, तिथे तिला तो सापडला. आणि बाईसाहेबांनी तो नुसता पाहिला नाही. त्यात "बसलेल्या माणसाचं माप" असा एक भाग स्वतः लिहून मला पाठवून दिला. ना ओळख, ना पाळख!

माझं डोकंच फिरलं. लगेच उत्तर लिहिलं : "आपण दाखवलेल्या आपुलकीबद्दल आभार, परंतु हा माझा खासगी प्रोग्राम आहे." बाबांना वाचून दाखवलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "झकास. खाली 'कुत्र्यापासून सावध' एवढं घाल, म्हणजे पुरं होईल."

मग मी ते पुसलं आणि लिहिलं, "दुकानात या."

ती आली ती व्हीलचेअर ढकलत. मला वाटलं पेशंट मागून येतोय. तर म्हणे, "काकू, तुम्ही बसा. आता हात पुढे करा." बसले. हात पुढे केले. माझ्याच हातचं जॅकेट माझ्या कानांपर्यंत आलं. एवढी वर्षं हा धंदा करते, पण बसलेल्या माणसाचं माप बसवून घ्यावं हे कधी डोक्यात आलं नाही बघ.

तिचा विचार सरळ होता, कापणी मात्र वाकडी. पाठीची उंची तिनं सगळीकडे सारखीच वाढवली होती. ती मधोमध वाढायला हवी आणि बाजूंना निमुळती व्हायला हवी. कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दोघींनी मिळून ते नीट केलं. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. तिचा भाग मी आत घेतला. वर तिचं नाव घातलं.

एक अट मात्र घातली. बाकी काय हवं ते सुचव, मुंढ्याला हात लावायचा नाही. बाही जिथे अंगाला येऊन मिळते ती गोलाई माझी. सगळा कोट त्या एका वळणावर उभा असतो आणि ते वळण मी तरुणपणापासून घोटत आलेय.

ती म्हणाली, "बरं, काकू." नुसतं "हं" नाही म्हणाली.

तुझी,
आई

२० एप्रिल

ठकू,

उत्तर नाही. पोस्टात हरवलं असणार, असं मी बाबांना सांगितलंय. ते पोस्टाला दोष देत हिंडतात. बिचारं पोस्ट.

आता आम्ही तिघं झालोय. तिसरे म्हणजे मास्तर. गणित शिकवायचे, आता निवृत्त. पँटची उंची कमी करायला आले आणि माझ्या स्क्रीनवरचा मुंढा बघून उभेच राहिले. "बाई, हे वळण कशावरून काढलंत?" मी म्हटलं, "नजरेवरून." त्यांचा चेहरा असा झाला जसं काही मी पुलाचे खांब नजरेवरून उभे केलेत. पँट अजून इथेच पडलीय. ते मात्र रोज येतात.

रविवारी सकाळी आम्ही टेबलाभोवती बसतो. नियम मी केलेत आणि भिंतीवर लावलेत. कुणीही काहीही लिहावं. पण ते आत घेण्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचायचं, आणि टाकाऊ कापडावर एक नमुना शिवून बघायचा. नमुना नाही तर बदल नाही. आणि शेवटी हो किंवा नाही म्हणणार मी.

मास्तर म्हणाले, "म्हणजे लोकशाही, पण राणीसकट."

"हो," मी म्हटलं, "आणि राणीला आता चहा हवाय."

ते उठून चहा करायला गेले. सांगायचा मुद्दा, माणसं चांगली मिळालीत.

कुठून कुठून लोक लिहितात, ठकू. कुबड्या वापरणाऱ्या एका मुलीच्या आईनं फोटो पाठवला. मुलीनं आमच्या बेतावरून शिवलेला कोट घातलाय आणि आरशाकडे पाठ करून, मान वळवून, मागची बाजू बघतेय. मागची बाजू! आपण पाठीमागून कसे दिसतो हे बघायची हौस तिला पहिल्यांदाच झाली, असं आईनं लिहिलंय. मी तो फोटो गिऱ्हाइकांना दाखवत सुटलेय. वाण्यालासुद्धा दाखवला.

आता तू म्हणशील, घ्या, आई टाळ्या गोळा करतेय. जाताना तू म्हणालीस ना, "तुला मदत नकोय आई, तुला टाळ्या हव्यात." हे वाक्य मी जिना उतरताना, सुई ओवताना, कणीक मळताना ऐकते. टाळ्या हव्यातच. कुणाला नको असतात? तुला ऑफिसात शाबासकी मिळाली की पहिला फोन कुणाला यायचा?

बोलायचं नाही म्हटलं होतं, पण आता सांगूनच टाकते. त्या दिवशी मी तुझा प्रोग्राम उघडला, तेव्हा मला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला उभं केल्यासारखं झालं. साखर कुठे, गाळणं कुठे, काही सापडेना. सगळं लख्ख. सगळं माझ्यापेक्षा नीट लावलेलं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण माझी एक ओळ त्यात उरली नव्हती, ठकू. पहिला कोड तूच शिकवलास, रडत-कढत मी तो शिकले, वर्षभर एकेक ओळ रचली. आणि तू रिबीन बांधून जे दिलंस त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून म्हटलं, "हे तुझं आहे, माझं मला परत दे." तू सुट्ट्या घालवून केलं होतंस, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

असो. मास्तरांनी चहात साखर जास्त घातली होती.

आई

८ जुलै

ठकू,

आज मोठी गोष्ट सांगायची आहे, नीट बसून वाच.

मागच्या महिन्यात एका रविवारी मास्तर हातात गुंडाळी घेऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, मला मुंढ्याबद्दल बोलायचंय."

सिस्टरनं कप खाली ठेवला आणि दाराकडे बघितलं.

"बोला," मी म्हटलं. "बोलायला मनाई नाही."

त्यांचं म्हणणं असं. माझं वळण मधल्या मापांना छान बसतं, पण फार रुंद किंवा फार बारीक अंगाला ते चुकतं. मी प्रत्येक वेळी एकेक ठिगळ लावत गेलेय. छाती मोठी असेल तर एवढं वाढव, खांदा उतरता असेल तर तेवढं कमी कर. अशा ठिगळांची रांग झालीय. त्यांनी एकच रीत काढली होती, जिच्यात सगळी मापं बसतात. आणि बदलायची फक्त एक जागा.

"अंग म्हणजे भूमिती नव्हे, मास्तर."

"नाहीच. पण बेतता ते कागदावरच ना?"

मी शिवणयंत्राला तेल घालायला घेतलं. तेल कालच घातलेलं होतं.

शेवटी सिस्टर म्हणाली, "काकू, नियम तुमचाच आहे. नमुना शिवू या."

शिवले. एकाच कापडाची दोन जॅकेटं, एक माझ्या वळणाचं, एक मास्तरांच्या. दोन्ही मीच शिवली, आणि लबाडी केली नाही, टाका-टाका सारखा घातला. सिस्टरनं आतून खुणा केल्या. घालणार होते पेंटर. ते दुकानांच्या पाट्या रंगवतात. शिडीवरून पडल्यापासून व्हीलचेअरवर बसून रंगवतात, सिस्टरच्याच वॉर्डातून घरी गेलेले. त्यांनी पहिलं जॅकेट घातलं, ब्रश घेतला आणि पाटीवर एक शब्द काढला. मग दुसरं घालून तोच शब्द पुन्हा काढला. आम्ही तिघं परीक्षेला बसल्यासारखे उभे.

"ताई," ते मला म्हणाले, "तुमचं कोणतं ते सांगू नका. मग खरं बोलता येणार नाही."

"नाही सांगत."

"पहिल्यात हात मध्येच थांबतो. शिरोरेषा दोन तुकड्यांत आली, बघा. दुसऱ्यात एका दमात ओढली."

पहिलं माझं होतं.

आणखी चौघांवर घालून पाहिलं. फक्त पाठीला बाक आलेल्या आजोबांना माझं बसलं, बाकी सगळ्यांना मास्तरांचं. मी हरले, ठकू! वर्षानुवर्षं घोटलेलं वळण एका गणिताच्या मास्तरापुढे हरलं. आणि मला काय वाटलं सांगू? आधी वाटलं, दोन्ही जॅकेटं उसवून टाकावीत. मग पेंटर पुन्हा पुन्हा ती रेष ओढायला लागले, मुलं पाटीवर ओढतात तशी, आणि मी म्हटलं, हा बेत माझा आहे. या बाईनं सुरू केलाय. असली माणसं माझ्या टेबलाशी येऊन बसतात!

मास्तरांचं वळण मी स्वतःच्या हातानं आत घातलं. बाक आलेल्या पाठींपुरतं माझं ठेवलं. मास्तर म्हणाले, "दोन्ही राहू देत, बाई, मला तो आजोबांचा प्रकार अजून सुटलेला नाही." शहाणा माणूस.

त्यांचं घेता आलं आणि तुझं का नाही, हे मी कितीदा स्वतःला विचारलं. मास्तरांनी एक जागा बदलली आणि माझ्यासमोर उभे राहून बोलणी खाल्ली. मला भांडायला वाव मिळाला. तू मला भांडायला जागाच ठेवली नव्हतीस, सगळं करूनच आणलं होतंस. तू मला आनंद द्यायला निघाली होतीस, हे मला कळतं. पण मला आधी थोडं भांडू द्यायला हवं होतंस.

पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. काळजीचं काही नाही.

आई

२६ ऑगस्ट

ठकू,

(अक्षरावरून कळलंच असेल, बाबा लिहितोय. आई सांगते, मी उतरवतो. कंसातलं माझं, ते तिला वाचून दाखवणार नाही.)

ऑपरेशन उत्तम झालं. दोन्ही डोळे पाठोपाठ केले, डॉक्टर म्हणाले एकदाच काय ते उरकू. (तिनंच हट्ट धरला. दोनदा दुकान बंद ठेवायला नको म्हणून.) आता काही आठवडे स्क्रीन नाही, सुई नाही. मी अगदी मजेत आहे. (काल तिनं उशीचा अभ्रा चाचपून शिवण मोजली आणि शिवणाऱ्याला नावं ठेवली.)

"बेत"ची किल्ली मी देऊन टाकलीय. एकट्या कुणाला नाही. मास्तर आणि सिस्टर, दोघांचं हो असेल तरच बदल आत जाईल. मला विचारायला येऊ नका असं बजावलंय. यायला लागले तर मग सुट्टी कसली? (किल्ली द्यायला तिनं आठवडा लावला. पासवर्ड कागदावर लिहायची, फाडायची. शेवटी मास्तरांच्या हातात कागद ठेवला आणि त्यांच्याच हाताला धरून राहिली. मास्तर म्हणाले, "बाई, सोडा आता." मग सोडला.)

मला त्यांची मुळीच काळजी नाही. माझ्या नजरेखाली तयार झालेली माणसं आहेत. आणि बिघडवलंच काही तर मी येऊन एका बैठकीत निस्तरीन. तुझं कसं चाललंय? जेवतेस ना वेळेवर?

(ठकू, आता माझं ऐक. तू केलेला प्रोग्राम तिनं पुसलेला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की उघडून वाचत असते. हातात पेन्सिल, शेजारी वही. काय करतेस विचारलं की म्हणते, "बघतेय पोरीनं कुठे चुका केल्यात." परवा, डोळ्यांच्या आधी, म्हणाली, "अहो, हिला हे सुचलं कसं?" आणि मग माझ्यावरच खेकसली की चहा गार झाला. दोघी एकाच माळेचे मणी. मी मधला दोरा, माझी काय दशा होते ते कुणी विचारत नाही.)

बाबा काहीतरी जास्त लिहितायत, पेनाचा आवाज फार वेळ येतोय. त्यांना सांग बास.

आई

(बास करतो. फोन आला तर तिला उचलू देईन. – बाबा)

३० सप्टेंबर

ठकू,

हे पत्र माझ्या हातानं. अक्षर बघ कसं ठळक दिसतंय, म्हणजे मला दिसतंय. रंग तर असे काही दिसायला लागलेत की दुकानातल्या निम्म्या रिळांची नावं मी आजवर चुकीची सांगत होते.

काल दुकान उघडलं आणि पहिले आले पेंटर. नवं जॅकेट घालून. दारातच खुर्ची थांबवली, म्हणाले, "ताई, बघा," आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. आकाशाला टेकवल्यासारखे. जॅकेट तसूभरही वर चढलं नाही. मास्तरांच्या वळणानं हात पुढे जायचा, पण वर नेला की कापड ओढलं जायचंच. ते आम्हाला कुणाला सुटलं नव्हतं.

मी चष्मा शोधायला लागले, मग आठवलं की आता लागत नाही. जवळ जाऊन बघितलं. काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा जोडलेला, पतंगासारखा उभा. हात वर गेला की उघडायचा, खाली आला की मिटून बसायचा.

"हे कुणी कापलं?"

"तुमच्या बेतानंच काढून दिलं. बायकोनं शिवलं."

माझ्या बेतात असला तुकडा नाही, ठकू. मी कधी लिहिला नाही. मी लॅपटॉप उघडला, तो बदल कुणी केला ते काढलं, आणि तुझं नाव दिसलं.

सिस्टरनं तुला फोन केला होता म्हणे. आम्ही अडलोय, काकूंना विचारायची बंदी आहे, तुम्ही बघता का? आणि तू बघितलंस. सगळं काही पुन्हा लिहिलं नाहीस. माझ्याच फाइलमध्ये, माझ्याच वेड्यावाकड्या ओळींच्या खाली, तुझ्या मोजक्या ओळी. माझ्यासारखीच नावं दिलीस, माझ्यासारख्याच मोकळ्या जागा सोडल्यास. माझ्या घरात येऊन माझ्या डब्यातली साखर घेतल्यासारखं.

पण त्याखाली काय वाचते, तर मास्तरांनी तुझं काम परत पाठवलं! "नमुना जोडलेला नाही. कृपया शिवून पाठवावा."

मी त्याच पावली मास्तरांना फोन लावला. "माझ्या लेकीचं काम परत पाठवता? तिच्या ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत, ठाऊक आहे?"

"असतील," ते म्हणाले. "भिंतीवर नियम कुणी लावलेत, बाई?"

मी फोन ठेवला. पुन्हा लावला. म्हटलं, "बरोबर केलंत." पुन्हा ठेवला.

आणि मग तुझा नमुना बघितला. फोटो. सहावीत असताना माझ्या मशीनची सुई बोटात गेली होती, तेव्हापासून तू शिवणाला शिवली नव्हतीस. आणि ही तू, हातशिलाईनं, जुन्या चादरीच्या तुकड्यावर काखेतला तो पतंग शिवलायस! काय ते टाके, ठकू! एक हत्तीएवढा, एक मुंगीएवढा. एका कोपऱ्यात गाठ आहे की उंदरानं घर केलंय, कळत नाही. पण तुकडा बसलाय. चारही कोपरे जिथे यायला हवेत तिथे आलेत. मास्तर आणि सिस्टर दोघांनी हो म्हटलं आणि तो आत गेला. माझ्याशिवाय. मी तेव्हा अंधारात पडून उशीच्या शिवणी मोजत होते.

किल्ली त्यांनी आजच परत आणून दिली. मी म्हटलं, एक माझ्याकडे राहील, एक तुमच्याकडेही असू द्या. नवं काही आत घ्यायचं तर तिघांतल्या दोघांचं हो लागेल. आत असलेलं काही कुणाला बाहेर काढायचं झालं, तर मात्र मला विचारल्याशिवाय नाही. हा हट्ट आहे, आणि तो राहणार. मास्तर हसले, पण हो म्हणाले.

तुझ्या तुकड्यात मी एक सुधारणा सुचवलीय. तो सरळ न कापता कापड तिरपं धरून कापायचा, म्हणजे आणखी ताणेल. लगेच मास्तरांचं उत्तर : "नमुना?" म्हणून आज सकाळी शिवून दिला. वाचणारी म्हणून मी तुझं नाव घातलंय. तू हो म्हटलंस तरच आत जाईल, नाही म्हटलंस तर का ते लिही. मी भांडणार आहे, तयारीनं ये. आम्ही रविवारी सकाळी बोलतो.

आणखी एक. तुझ्या नमुन्याचा फोटो मी मोठा छापून आणला आणि मशीनच्या वर भिंतीला लावला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिकडे बघतं, मग माझ्याकडे संशयानं बघतं. एका बाईंनी तर कापड काखेत मारलं आणि विचारलं, "हे इथे कोण शिवतं हो?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

पुढच्या वेळी दोरा दुहेरी घेऊ नकोस, गुंता होतो.

आई